गिरणगावचा अर्धा संसार गडहिंग्लजात होता

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहिताना लोक लालबाग-परळच्या भोंग्यापासून सुरुवात करतात आणि 18 जानेवारी 1982च्या संपापाशी थांबतात. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडून बघितलं तर हा इतिहास अजून संपलेला नाही.

आमचे आप्पा साठच्या दशकात मामाच्या मागोमाग मुंबईला गेले. जमीन दोन एकर, तीही पावसावरची, आणि वाटेकरी चौघे भाऊ. गिरणीत गेल्या गेल्या काम मिळत नसे. बदली कार्ड घेऊन पाळीच्या वेळेला गेटवर उभं राहायचं. कुणी कायम कामगार गैरहजर असला तर आत, नाहीतर परत खोलीवर. अशी काही वर्षं काढल्यावर आप्पा साचेखात्यात कायम झाले.

राहायला गावकऱ्यांची खोली. पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत झोपायची. जेवण खाणावळीत. ह्या खाणावळी चालवणाऱ्या बायका बहुतेक कामगारांच्याच घरातल्या, सावकाराच्या व्याजात अडकलेल्या. त्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

आप्पा माळकरी. सुट्टीच्या आदल्या रात्री खोलीत भजन व्हायचं. कुठल्या खात्यात जागा झालीय, हे तिथंच कळायचं. कुणी वारला तर त्याच्या घरी पाठवायची वर्गणी तिथंच गोळा व्हायची. काळभैरीच्या यात्रेला रजा मिळाली नाही की आप्पा नारळाचे पैसे मनीऑर्डरमध्ये जास्तीचे घालायचे. परक्या शहरात ह्या माणसांना धरून ठेवलं ते ह्या भक्तीनं.

आता हिशेबाचं बोलू. आप्पांच्या पगारात मुंबईत एक माणूस जगायचा आणि थोडं गावाकडं यायचं. आम्हा भावंडांना वाढवलं, आजीचं दुखणं काढलं, रान कसलं ते आईनं. गिरणीमालकाला कामगार स्वस्त पडला, कारण त्याचं कुटुंब पोसायचा मोठा वाटा गाव उचलत होतं. ही सबसिडी कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

डॉ. दत्ता सामंतांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढ हवी होती. शिवाय 1946च्या कायद्यानं एकाच युनियनला दिलेली मान्यता नको होती. संप वर्षाहून जास्त चालला आणि अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. तेवढे महिने कामगार तगला कसा? तो गावी आला. आप्पाही आले आणि दुसऱ्याच्या रानात रोजगाराला गेले. माळ काढली नाही, एकादशी मोडली नाही. पुन्हा कामावर काही घेतलं नाही.

नंतर गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. 1991च्या नियमात त्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: मालक, महापालिका आणि म्हाडा. 2001च्या दुरुस्तीनं हा हिशेब फक्त मोकळ्या जागेपुरता उरला आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. 2006 साली सुप्रीम कोर्टानंही ती दुरुस्ती कायम ठेवली.

कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 साली निघाली. अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. 2020पर्यंतच्या सगळ्या सोडती मिळून घरं 16 हजारांच्या आत. आता शेलू-वांगणीचं नाव पुढं केलं जातं. ज्यानं लालबागमध्ये उमेद घालवली, त्याला मुंबईबाहेर घर कशासाठी?

‘गावी घर आहे की, मुंबईत कशाला पाहिजे?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. त्या गावच्या घरानंच मुंबईची गिरणी चालवली. घर मागतोय ते त्या थकबाकीपोटी. ह्यात उपकाराचा प्रश्न येतोच कुठं?

आप्पा सोडतीची वाट बघतच गेले. 1 जानेवारी 1982ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेला कामगार पात्र धरला जातो, आणि तो नसेल तर वारस. तेव्हा गडहिंग्लजकरांनो, माळ्यावरच्या ट्रंका उघडून बघा. तिकीट, बदली कार्ड, पगारपावती, फंडाची चिठ्ठी, जे सापडेल ते जपून ठेवा. बायकांच्या कष्टाची पावती मात्र कुणीच दिली नाही. आई, आजी अजून आहेत तोवर त्यांना विचारून ते लिहून तरी ठेवा.