सिंधुदुर्ग आणि दोन जिजाबाई

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला खारे पाणी ठाऊक असते ते लोणारचे. समुद्र आपल्या वाट्याला क्वचितच येतो. माझ्या वाट्याला तो १९६५ साली आला. मलकापुरास आगगाडीत बसून मुंबई गाठली, गोव्यास जाऊन मंगेशी व शांतादुर्गेचे दर्शन घेतले आणि परतताना पणजीहून आगबोट धरली. त्या काळी या बोटी वाटेत कोकणची बंदरे घेत मुंबईस जात. १९४७ च्या जुलैत ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडून सहाशेवर माणसे गेली, ती कथा सासूबाईंनी निघतानाच ऐकवून ठेवली होती. त्यात मला बोट लागली. पदर तोंडाशी धरून डेकवर पडून राहिले.

दुपार कलल्यावर मालवण आले. बोट दूर पाण्यात उभी राहिली. लहान होड्या बाजूस लागल्या. माणसे, ट्रंका, नारळांची पोती चढू-उतरू लागली. मान वर केली तो समोर लाटांतून उठलेला काळाभोर तट. कोणीतरी म्हणाले, “सिंधुदुर्ग.” नीट पाहून होते न होते तोच बोट हलली. “येथे पुन्हा सावकाश यायचे,” मी म्हटले. “आधी घर गाठू,” असे यजमानांचे उत्तर!

पुन्हा जाण्यास चौतीस वर्षे लागली. मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये, सासूबाईंचे आजारपण. भगिनींना ते सांगायला नको. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि १९९९ च्या डिसेंबरात आम्ही दोघे कुडाळास उतरून मालवणात तीन आठवडे राहिलो. बोटीवरून मला नुसता तट दिसला होता. राहिल्यावर मात्र रोज होडीने किल्ल्यात जाऊ लागले. आत आजही काही कुटुंबे नांदतात. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी भर समुद्रात आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवरायांचे मंदिर आहे, आणि महाराजांच्या हातापायांचे म्हणून जे ठसे चुन्यात उमटलेले दाखवतात, ते पाहून मन भरून येते.

दुपारी खोलीवर इतिहासाची पुस्तके घेऊन बसे. सनावळी एकमेकींशेजारी मांडल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून वारले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. काम तीन वर्षे चालले. म्हणजे तट चढत होता तेव्हा आपल्या सिंदखेडची लेक वैधव्याचे पहिले दिवस काढीत होती. पुढे १६६६ च्या मार्चात महाराज आग्र्यास निघाले, तेथे अडकले, आणि तेवढा काळ राज्य जिजाऊंच्या हाती राहिले. पुत्र शत्रूच्या कैदेत आणि इकडे समुद्रात बांधकाम चालूच. किल्ल्याची माहिती सांगणारे महाराजांचे नाव घेतात, हिरोजी इंदुलकरांचेही घेतात, ते योग्यच आहे. पण त्या महिन्यांत हे काम ज्यांच्या कारभारात चालू राहिले, त्या माऊलीचे नाव मी तेथे एकदाही ऐकले नाही.

दुसरी जिजाबाई तर आपल्यालाही ठाऊक नसते. ती कोल्हापूरच्या संभाजीराजांची राणी, म्हणजे जिजाऊंची पणतसून. १७६० साली पती निपुत्रिक वारले. पेशव्यांचा डोळा कोल्हापूरच्या राज्यावर होता. बाईंनी मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव शिवाजी ठेवले आणि १७७३ साली मरेपर्यंत त्याच्या नावाने राज्य चालवले. त्यांच्याच काळात, १७६५ साली, मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन या इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पण किल्ला बाळगणे त्यांना परवडेना आणि पाडणे सोपे नव्हते. अखेर करार झाला. इंग्रजी जहाजांस त्रास द्यायचा नाही, मालवणात वखार घालू द्यायची आणि पावणेचार लाखांवर रुपये भरायचे, अशा अटींवर किल्ला कोल्हापूरकडे परत आला. काही ग्रंथकार यास नामुष्की समजतात. मला तसे वाटत नाही. गहाण पडलेले घर सोडवताना बाईमाणसाला काय काय कबूल करावे लागते, हे आपण पाहतोच. पुढे १८१२ साली कोल्हापूरकरांनी मालवण इंग्रजांस दिले, ते बाईंच्या पश्चात.

निघण्याच्या दिवशी साखरबावीचे पाणी तांब्याच्या गडूत भरून घेतले. घरी येताना वाट वाकडी करून सिंदखेडराजास उतरलो आणि लखुजीराव जाधवांच्या वाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थानी, ते पाणी ओतले. गडू अर्धा सांडला होता. यजमान म्हणाले, “एवढ्यासाठी तो जपत आणलास होय!”