नाव घ्यायचं की नाही?

आपल्याकडे ‘नाव घे गं’ म्हटलं की नवी नवरी लाजते आणि उखाणा सुरू होतो. एरवी आपल्या आज्यांनी ‘अहो’ आणि ‘आमचे हे’ एवढ्यावर सगळा जन्म काढला. आज आम्ही नाव घेण्याबद्दलच बोलणार आहोत, पण उखाण्यातल्या नाही. विमान पडतं, माणसं जातात, मग त्याची हकिकत कुणीतरी सांगतं, कुणीतरी लिहितं. त्या हकिकतीत तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसांची नावं घ्यावीत की नाही?

हा प्रश्न आमच्यापुढे असाच आला नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं, तेव्हा आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब बाजूला राहिला आणि दुसरं काही बोलणंच होईना. मग ठरलं की आपल्या रेडिओवर एअर इंडियाच्या जुन्या अपघातांचा इतिहास सांगायचा. पुढच्या बैठकीला आमच्यातली एक मुलगी मोबाईलवर आलेली यादी घेऊन आली. नाव, वय, गाव, काहींचे लग्नातले फोटो. म्हणाली, “हे वाचून दाखवू या, लोकांच्या काळजाला लागेल.” वाईट हेतू काहीच नव्हता तिचा.

आमच्यात एक ताई आहेत, बैठकीला येतात, सही करतात, फार बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “यांच्या घरी विचारलंस का?”

ताईंचे मालक एस.टी.च्या अपघातात गेले, त्याला वीसेक वर्षं झाली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी आली ती त्यांच्या धाकट्या दिरांच्या नावाची. दीर गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत उभे, आणि त्यांच्या सासुरवाडीची माणसं जीप भरून रडत दारात! त्या गोंधळात आपण रडायचंसुद्धा राहून गेलो, असं ताई सांगतात. दुरुस्ती चार दिवसांनी आली, आतल्या पानावर, दोन ओळींत. त्यातही मालकांचं नाव अर्धंच होतं.

त्यानंतर यादी वाचायचा विषय कुणी काढला नाही. पण प्रश्न काही मिटला नाही. उलट जुन्या अपघातांची माहिती जमवायला लागलो तसा तो वाढतच गेला.

सगळ्यात आधी भेटली ती ‘मलबार प्रिन्सेस’. ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचं हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं होतं. आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताला ते धडकलं. आत ८ कर्मचारी आणि ४० प्रवासी, एकही वाचलं नाही. हे प्रवासी होते खलाशी, बोटीवर कामाला निघालेले. मुंबई बंदरातून बोटीवर जाणारी माणसं म्हणजे रत्नागिरी, गोवा, गुजरातचा किनारा इथल्या घरांतली, हे आपल्याला सांगायला नको. बर्फ इतका की मदत पोचेना. मदतीला निघालेल्या पथकातले रेने पेयो नावाचे फ्रेंच वाटाडे त्यात मेले. त्यांचं नाव आजही सांगितलं जातं, सांगायलाच पाहिजे. पुढे दोन वर्षांनी या घटनेवरून आंरी त्रोया या लेखकाची कादंबरी आली, १९५६ ला हॉलिवूडचा सिनेमा निघाला. सिनेमात विमानातली एक हिंदुस्थानी बाई जिवंत सापडते. म्हणजे बघा, जी बाई नव्हतीच ती पडद्यावर आली, आणि जे चाळीस जण खरोखर होते ते ‘चाळीस खलाशी’ एवढेच राहिले.

इथे आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी भडकल्या. “नाव नको, नाव नको म्हणता, मग गरिबाचं नाव तसंही कुणी घेतच नाही. तुमचा नियम कुणाच्या सोयीचा?” आम्हाला लगेच उत्तर सुचलं नाही.

कारण पुढची हकिकत आजींच्याच बाजूची निघाली. २४ जानेवारी १९६६. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेत होत्या. आणि त्याच माँ ब्लाँवर, जवळपास त्याच जागी, एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ आदळलं. ११७ माणसं गेली. त्यांतलं एक नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, डॉ. होमी भाभा. ते व्हिएन्नाला बैठकीला निघाले होते, वय ५६. पुढल्या वर्षी तुर्भ्याच्या अणुकेंद्राला त्यांचं नाव दिलं. राहिले ११६. अपघाताबद्दल आजवर जे काही लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक ‘भाभांचं विमान’ म्हणूनच.

भाभांचं नाव घेण्यात गैर काही नाही. ते सार्वजनिक माणूस, त्यांच्या जाण्याने देशाच्या कामावर परिणाम झाला. अहमदाबादच्या विमानात गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी होते, त्यांचंही तसंच. अशा माणसांनी जिवंतपणीच आपलं नाव लोकांच्या हाती दिलेलं असतं. बाकीच्यांनी फक्त तिकीट काढलेलं असतं.

त्या डोंगराची गोष्ट मात्र इथे संपत नाही. तिथली हिमनदी दरवर्षी थोडी थोडी खाली सरकते आणि पोटातलं बाहेर टाकते. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची पिशवी निघाली. २०२० मध्ये त्या वेळची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, इंदिराबाई पंतप्रधान होणार या बातमीची, अजून वाचता येण्यासारखी. आणि २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला एक डबी सापडली, आत पाचू, नीलम, माणकं. त्याने ती पोलिसांत नेऊन दिली. वारस मिळाले नाहीत म्हणून २०२१ मध्ये शामोनी गावच्या पालिकेने आणि त्याने ते खडे निम्मे निम्मे वाटून घेतले. त्या गिर्यारोहकाने आपलं नाव जाहीर होऊ दिलं नाही, आणि त्याची इच्छा सगळ्यांनी पाळली. आम्हाला ही गोष्ट फार विचारात पाडून गेली. सापडणाऱ्याला नाव झाकायची मुभा मिळाली. ज्याची डबी होती त्याचं नाव कुठेतरी नीट लिहिलेलं असतं, तर कुणाच्या तरी नातीच्या हातात ती पडली असती.

तेव्हा नाव ‘लिहून ठेवणं’ आणि नाव ‘वाजवणं’ या दोन गोष्टी वेगळ्या, एवढं तरी आमच्या लक्षात आलं.

आता आपल्या दारातलं. १ जानेवारी १९७८, नवीन वर्षाची संध्याकाळ. ‘सम्राट अशोक’ नावाचं जंबो विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात वांद्र्याच्या समोर समुद्रात कोसळलं. १९० प्रवासी, २३ कर्मचारी, २१३ जण. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनच्या समोरचं यंत्र बिघडलं होतं. बाहेर रात्र, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसायचा प्रश्नच नाही. यंत्र सांगतंय विमान उजवीकडे कललंय, म्हणून ते डावीकडे वळवलं जातंय, आणि खरं तर ते आधीच डावीकडे पडतंय. चौकशीत ठपका आला तो कॅप्टनच्या हातावर. विमान आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवरचे दावे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने फेटाळले.

आमच्या पहिल्या मसुद्यात त्या कॅप्टनचं नाव होतं. पाच ठिकाणी. भाभांपेक्षा जास्त वेळा! का, तर ते माहितीत सहज सापडत होतं म्हणून. प्रवाशांची नावं टाळायची एवढं ठरलं होतं, वैमानिकाचा विचार आम्ही केलाच नव्हता. पण त्यांनाही घर असणार, मुलंबाळं असणार, आणि ‘अमक्याने विमान पाडलं’ हे वाक्य त्या आडनावाला जन्मभर चिकटणार.

मग वाचताना कळलं की विमानाच्या जगात यावर आधीच विचार झालेला आहे. १९४४ च्या शिकागो कराराचं तेरावं परिशिष्ट अपघातांच्या चौकशीबद्दल आहे, १९५१ पासून ते लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की चौकशीचा हेतू पुन्हा अपघात होऊ नये एवढाच, दोष कुणाच्या माथी मारायचा हा नाही. संबंधित माणसांची नावं चौकशी करणाऱ्यांनी जाहीर करू नयेत, असंही आता त्यात आहे. अहमदाबादचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला, तो तसाच आहे. दोन्ही इंजिनांचं इंधन तोडणारे खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद झाले, एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की का बंद केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. यातला कुठला आवाज कुणाचा, हेसुद्धा अहवालाने सांगितलेलं नाही. पण पेपरांनी आणि वाहिन्यांनी आठवडाभरात ते आपल्या मनाने ठरवून टाकलं, नावानिशी, फोटोनिशी. जे गेले त्यांना उत्तर देता येत नाही. शेवटी घरच्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

वाचलेल्याचीही तीच गत. त्या विमानातल्या २४२ पैकी एकच माणूस जिवंत राहिला. तो चालत बाहेर आला तोपर्यंत कॅमेरे पोचले होते. त्याचं नाव, बसायची जागा, त्याच्या घरातलं कोण गेलं, सगळं जगाला पाठ झालं. तो अजून दवाखान्यात होता.

अमेरिकेत १९९६ मध्ये विमान अपघातात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी कायदा झाला. त्यातली एक गोष्ट आम्हाला पटली. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी वकिलांनी ठरावीक दिवस, आता ४५ दिवस, घरच्यांच्या दारात जायचं नाही. यादी फुटली की आधी कोण येतं, ते त्या लोकांनी अनुभवलेलं असणार.

एवढं सगळं वाचून आम्ही ‘नाव नको’ वर पक्क्या झालो होतो. तेवढ्यात कनिष्कची माहिती समोर आली आणि आजी पुन्हा जिंकल्या.

२३ जून १९८५. कॅनडाहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला येणारं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर बाँबने फुटलं. ३२९ माणसं, त्यात ऐंशीहून जास्त लहान मुलं. शाळेला सुट्टी लागली म्हणून आजीकडे निघालेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर, एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायच्या सामानात बाँब फुटून दोन हमाल मेले, त्यांचा उल्लेखही बहुतेक ठिकाणी ओझरताच. गेलेले बहुतेक जण कॅनडाचे नागरिक. तरी कॅनडाच्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना! जणू ही माणसं त्यांची नव्हतीच. घरच्यांनी पंचवीस वर्षं भांडून चौकशी आयोगाचा अहवाल आणि सरकारची माफी मिळवली, २०१० मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधी, वर्षभरातच, आयर्लंडच्या अहाकिस्ता गावी समुद्राकाठी स्मारक उभं राहिलं. तिथे भिंतीवर सगळ्यांची नावं कोरलेली आहेत. दरवर्षी घरची माणसं येतात, आपल्या माणसाच्या नावावरून बोट फिरवतात.

इथे नाव कुणी चोरलेलं नाही. ते दगडात कोरलं गेलं, ‘ही आमची होती’ हे सांगायला.

आणि एक जाता जाता. जुन्या प्रवासी याद्यांची पद्धत अशी की पुरुषाचं नाव, मग ‘मिसेस’ लावून त्याचंच आडनाव, आणि मांडीवरचं बाळ असेल तर नुसतं ‘इन्फंट’. मरतानाही बाईला स्वतःचं नाव नाही. आमच्या गटाची बँकेत खाती उघडली तेव्हा कितीजणींना आपलं नाव पहिल्यांदाच कागदावर दिसलं, ते आठवलं.

तर आम्ही ठरवलं ते असं. भाभा, रूपाणी यांच्यासारख्यांची नावं घ्यायची. वैमानिकाला ‘कॅप्टन’ म्हणायचं आणि त्याच्या समोरचं यंत्र बिघडलं होतं हे त्याच वाक्यात सांगायचं, पुढच्या नाही. वाचलेल्याचं नाव नाही, गाव नाही. भिंत कुठे आहे ते सांगायचं, भिंतीवरची नावं आपण वाचायची नाहीत. चाळीस खलाशांच्या जागी आजी अडून बसल्या, म्हणून तिथे “यांची नावं घेणारी घरं किनाऱ्यावर होती” असं एक वाक्य घातलं आहे. आजींचं अजून समाधान नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळं आटोपल्यावर ताई माईकसमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, “आमच्या मालकांचं नाव एकदा नीट घ्यायचंय. पूर्ण.” त्यांनी ते घेतलं, आडनावासकट, सावकाश. प्रसारणात ते तुम्ही ऐकलं असेल. मासिकात छापायचं का, असं आम्ही विचारलं, तर नको म्हणाल्या. म्हणून इथे ते नाही.