रानमित्रांच्या कथा आणि यवतमाळची वाघीण

वन्य प्राण्यांशी जडलेल्या स्नेहाच्या सत्यकथांमध्ये विलास मनोहर यांचे ‘नेगल’ व डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ या ग्रंथांना मराठीत महत्त्वाचे स्थान आहे. दोहोंचा उगम हेमलकसा येथे झाला. तत्कालीन चंद्रपूर व 1982 पासून गडचिरोली जिल्ह्यात मोडणाऱ्या या स्थळी 1973 साली लोकबिरादरी प्रकल्पास आरंभ झाला.

या कथांच्या मुळाशी मात्र भूक आहे. माडिया शिकारी मारलेली माकडे घेऊन जात असता मृत मातेस बिलगलेले पिल्लू आमटे यांच्या दृष्टीस पडले. शिकाऱ्यांच्या लेखी तेही अन्नच होते. मोबदल्यात धान्य देऊन ते मागून घेण्यात आले व त्याचे नाव बबली ठेवण्यात आले. पुढे हरणे, अस्वले, बिबटे यांची पोरकी पिले येत गेली. म्हणजे येथील मैत्री बहुधा एखाद्या वधानंतर जन्मास आलेली आहे. शिवाय माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या निर्भयपणे माणसाशी खेळतो, परंतु अरण्यात स्वतंत्रपणे जगण्यास तो असमर्थ ठरतो.

विदर्भाच्याच यवतमाळ जिल्ह्यात अशा पोरकेपणाचा निराळा इतिहास घडला. पांढरकवडा-राळेगाव भागात 2016 ते 2018 या काळातील 13 मनुष्यबळी ‘टी-1’ ऊर्फ ‘अवनी’ या वाघिणीच्या नावे मांडले गेले. 2 नोव्हेंबर 2018 रोजी रात्री बोराटी येथे तिला गोळी घालण्यात आली. तिची दोन पिले मागे राहिली. त्यांपैकी मादी पिल्लास डिसेंबर 2018 मध्ये पकडून पेंच येथे नेले. माणसाची सवय न लावता तिला वाढविण्यात आले व मार्च 2021 मध्ये अरण्यात सोडण्यात आले. थोड्याच दिवसांत झुंजीतील जखमांमुळे तिचा अंत झाला.

पहिल्या मार्गाने जीव वाचला, पण अरण्य अंतरले. दुसऱ्याने अरण्य लाभले, पण जीव गेला. तेव्हा ‘रानमित्र’सारख्या कथांस वन्यजीव-संरक्षणाचा आदर्श मानणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. वधानंतर उरलेल्या जिवाविषयी एका माणसाने पत्करलेल्या उत्तरदायित्वाची ती नोंद होय. कापसाच्या शेतात जिवाच्या भीतीने राबणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न त्या सोडवीत नाहीत. मात्र वाघिणीच्या मृत्यूने तो सुटला असे मानणाऱ्यांना त्या पोरक्या पिलांचे स्मरण अवश्य देतात.