दोन भाषांचे मूल : कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ आणि सीमाभागातील शाळा

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील मेहकर हे सीमाभागातील एक गाव. बुलढाणा जिल्ह्यातील त्याच नावाचे तालुक्याचे ठिकाण निराळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि भालकी, हुमनाबाद, बीदर हे म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे राहिले. सोयरिकी आणि बाजारहाट मात्र नकाशाच्या रेषेने तुटले नाहीत. या पट्ट्यातील मराठी घरात बोलणे मराठीत होते, शेताची पहाणी कन्नडमध्ये मिळते, बाजारात दखनी चालते. लिंगायत कुटुंबांत मन्मथस्वामींचे मराठी ‘परमरहस्य’ आणि बसवण्णांची कन्नड वचने या दोहोंनाही मान आहे.

अशा गावात मूल सहा वर्षांचे झाले की घरात एक प्रश्न उभा राहतो : त्याला कोणत्या भाषेच्या शाळेत घालावे? मराठीत शिकले तर सरकारी नोकरीत मागे पडेल, कन्नडमध्ये शिकले तर घरापासून तुटेल, इंग्रजीत शिकले तर दोन्हींचे भय नाही. आणि तिन्ही भाषा एकदम शिकविल्या तर त्याच्या डोक्यात गोंधळ होईल, अशी चर्चा घरोघर चालते. गोव्याच्या वाचकाला ही चर्चा परकी वाटू नये. मराठी, कोकणी आणि इंग्रजी यांच्यातील माध्यमाचा वाद या राज्यानेही अनेक वर्षे अनुभवला आहे.

यातील ‘गोंधळ होईल’ या शेवटच्या समजुतीची शास्त्रीय तपासणी सर्वाधिक चिकाटीने जेथे झाली तो देश कॅनडा होय. कॅनडाच्या मानसशास्त्राचा गौरव करताना सहसा वेगळी नावे पुढे येतात. अनुभवाने मेंदूतील पेशींचे परस्परसंबंध बळकट होतात असे १९४९ च्या ग्रंथात मांडणारे डोनाल्ड हेब, स्मृतीच्या अभ्यासाला नवे वळण देणाऱ्या ब्रेंडा मिल्नर, वेदनेचा ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्त १९६५ मध्ये पॅट्रिक वॉल यांच्यासह मांडणारे रोनाल्ड मेलझॅक, मुले पाहून शिकतात हे बाहुलीच्या प्रयोगाने दाखविणारे, अल्बर्टा प्रांतात जन्मलेले आल्बर्ट बांडुरा. ही थोरवी निर्विवाद आहे. तथापि सीमाभागातील पालकाच्या थेट उपयोगाचे काम केले ते हेब यांच्याच मॅकगिल विद्यापीठातील त्यांचे कनिष्ठ सहकारी वॉलेस लँबर्ट यांनी. लँबर्ट यांचा जन्म १९२२ मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. ते १९५४ पासून मॉन्ट्रियलमध्ये अध्यापन करीत होते.

मॉन्ट्रियल हे त्या काळी दोन भाषांत विभागलेले शहर होते. लोकसंख्येत फ्रेंच भाषक अधिक होते, पण कारखाने, पेढ्या आणि मोठ्या पगाराच्या जागा इंग्रजी भाषकांच्या हाती होत्या. दोन भाषा शिकणाऱ्या मुलाची बुद्धी मंदावते, असे तेव्हाच्या विद्वानांचे सर्वसाधारण मत होते. डी. जे. सेअर यांनी वेल्समधील सुमारे १४०० मुलांची पाहणी करून १९२३ मध्ये तसा निष्कर्ष काढला होता, आणि पुढच्या अनेक पाहण्यांनी त्यालाच दुजोरा दिला. या पाहण्यांत एक मोठी उणीव होती. द्विभाषिक मुले बहुधा गरीब घरांतील किंवा खेड्यांतील असत, एकभाषिक मुले सुस्थितीतील असत. गरिबीचा परिणाम भाषेच्या माथी मारला जाई. कित्येकदा तर चाचणीही मुलाच्या दुबळ्या भाषेतच घेतली जाई.

एलिझाबेथ पील या विद्यार्थिनीसह लँबर्ट यांनी मॉन्ट्रियलच्या फ्रेंच शाळांतील दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. तुलना सारख्या आर्थिक स्तरातील मुलांचीच होईल अशी दक्षता त्यांनी घेतली आणि दोन्ही भाषा खरोखर येणारी मुलेच द्विभाषिक गटात घेतली. १९६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. द्विभाषिक मुले मागे नव्हती. भाषेवर आधारित आणि भाषेविना घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या बुद्धिचाचण्यांत ती पुढे होती. संशोधकांची मूळ अपेक्षा अशी नव्हती. या पाहणीवर आक्षेपही आले. दोन्ही भाषा उत्तम येणारी मुलेच निवडल्यामुळे मुळात हुशार असलेली मुले त्या गटात गोळा झाली असतील, हा आक्षेप रास्त आहे, आणि भाषांमुळे बुद्धी वाढली की बुद्धीमुळे भाषा आल्या हे त्या एका पाहणीवरून ठरत नाही. परंतु ‘दोन भाषांनी डोके बिघडते’ या मताचा आधार तेथे खचला, तो पुन्हा उभा राहिला नाही.

याच्या दोन वर्षे आधीचा लँबर्ट यांचा प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा आहे. दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणाऱ्या काही व्यक्तींकडून एकच उतारा फ्रेंच आणि इंग्रजीत वाचून घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रित केला. ऐकणाऱ्यांना प्रत्येक आवाज वेगळ्या माणसाचा वाटत होता. आवाजावरून माणूस कसा वाटतो, त्याची उंची, रूप, बुद्धी, विश्वासार्हता, महत्त्वाकांक्षा, याचे मूल्यमापन त्यांनी करायचे होते. इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांनी इंग्रजी आवाजाला झुकते माप दिले, हे अपेक्षितच होते. पण फ्रेंच भाषक विद्यार्थ्यांनीही १४ पैकी १० गुणांत इंग्रजी आवाजच श्रेष्ठ ठरविला. माणूस तोच, मजकूर तोच. बदलली होती केवळ भाषा. समाजात ज्या भाषेला प्रतिष्ठा नाही तिचे भाषकही तिला कमी लेखू लागतात, हे या प्रयोगाने आकड्यांत दाखविले. तालुक्याच्या कचेरीत आपली बोली दाबून दुसऱ्या भाषेत बोलू पाहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

तिसरे काम शाळेचे. मॉन्ट्रियलसमोर सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर सेंट लँबर्ट नावाचे उपनगर आहे. प्राध्यापकांच्या आडनावाशी हे नावसाम्य निव्वळ योगायोगाचे. तेथील काही इंग्रजी भाषक पालकांनी १९६३ पासून मागणी लावून धरली की, आमच्या मुलांना फ्रेंच हा केवळ एक विषय म्हणून शिकवू नका, सारे शिक्षणच आरंभापासून फ्रेंचमध्ये द्या. या पालकांनी लँबर्ट यांचा आणि मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांचा सल्ला घेतला. सप्टेंबर १९६५ मध्ये बालवर्ग सुरू झाला. घरी इंग्रजी बोलणारी मुले शाळेत फ्रेंचमध्येच वावरू लागली आणि इंग्रजी वाचन दुसऱ्या इयत्तेपासून आले. लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून १९७२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सुरुवातीची इंग्रजी वाचनातील पिछेहाट थोड्याच काळात भरून निघाली, गणितात नुकसान झाले नाही, आणि फ्रेंच इतर शाळांतील मुलांपेक्षा पुष्कळच चांगले आले, जरी ते जन्मजात फ्रेंच भाषकाच्या तोडीचे झाले नाही. आज कॅनडात चार लाखांहून अधिक मुले अशा वर्गांत शिकतात.

या प्रयोगाचा आधार घेऊन भारतात इंग्रजी माध्यमाचे समर्थन केले जाते. मूल परक्या भाषेत टाकले की ते पोहायला शिकते, असा त्याचा अर्थ लावला जातो. लँबर्ट यांनी स्वतःच हा अर्थ नाकारला होता, आणि त्यांच्या साऱ्या कार्यातील सर्वांत मोलाचा भाग बहुधा हाच आहे. १९७० च्या दशकात त्यांनी द्विभाषिकतेचे दोन प्रकार वेगळे केले. सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी ही साऱ्या खंडाची प्रबळ भाषा होती. ती रस्त्यावर होती, दूरचित्रवाणीवर होती, नोकरीत होती; शाळेने फ्रेंच दिले तरी इंग्रजी कोठे जाणार नव्हती. ही भर घालणारी द्विभाषिकता. याउलट ज्या मुलाची घरची भाषा समाजात दुबळी आहे, त्याला शाळेत केवळ प्रबळ भाषा दिली तर नवी भाषा जुनीच्या जागी येऊन बसते. ही वजाबाकीची द्विभाषिकता. अशा मुलांसाठी आरंभीचे शिक्षण घरच्या भाषेत व्हावे, असे लँबर्ट यांचे प्रतिपादन होते.

हे मोजमाप सीमाभागाला लावले तर मेहकरचे मराठी मूल सेंट लँबर्टच्या इंग्रजी मुलाच्या जागी बसत नाही. महाराष्ट्रात प्रबळ असलेली मराठी बीदर जिल्ह्यात अल्पसंख्याकांची भाषा आहे. पुण्यातील मराठी मुलाला कन्नड शिकविली तर ती भर ठरेल. भालकी तालुक्यात मराठी शाळा बंद पडून तेच मूल कन्नड किंवा इंग्रजी शाळेत गेले तर वजाबाकी होण्याचा धोका आहे. कन्नडची सक्ती नको, हे अर्धेच उत्तर झाले. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली आहे. मराठी पक्की ठेवून कन्नड उत्तम येणे हा त्या मुलाचा तोटा नव्हे, लाभच आहे. माध्यमाची निवड पालकांची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात ६ मे २०१४ रोजी स्पष्ट केले. गोव्यातही १९९० चे प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांपुरते मर्यादित अनुदानाचे धोरण २०११ मध्ये बदलून इंग्रजी माध्यमाला अनुदान खुले झाले. कायद्याने निवड पालकांच्या हाती दिली. त्या निवडीची शैक्षणिक किंमत कोणती, हे सांगणे न्यायालयाचे काम नव्हते.

ती किंमत कशी मोजावी याचे उत्तर जिम कमिन्स यांच्याकडे मिळते. आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि पुढे टोरांटोत स्थायिक झालेले हे शिक्षणमानसशास्त्रज्ञ. दोन भाषा म्हणजे डोक्यातील दोन वेगळे हंडे नव्हेत. वरून वेगळ्या दिसणाऱ्या, पण पाण्याखाली एकच असलेल्या हिमनगाची ती दोन टोके आहेत, अशी त्यांची मांडणी. अपूर्णांक मराठीत नीट समजले असतील तर कन्नडमध्ये ते नव्याने समजून घ्यावे लागत नाहीत, केवळ शब्द शिकावे लागतात. त्यांचे दुसरे निरीक्षण पालकांनी लक्षात ठेवावे असे आहे. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतके कौशल्य मुलाला सुमारे दोन वर्षांत येते. पण त्याच भाषेत विज्ञानाचा धडा समजण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षे लागतात. मूल अंगणात फाडफाड इंग्रजी बोलते म्हणून त्याला इंग्रजीतील गणित समजते असे मानणे ही अनेक घरांतील फसगत आहे. गुण कमी पडले की दोष मुलाच्या बुद्धीला दिला जातो.

भाषेबरोबर ‘मी कोण’ हा प्रश्नही येतो, आणि कॅनडात त्यावर आयुष्यभर काम करणारे एक मराठी मानसशास्त्रज्ञ आहेत : आनंद परांजपे. पुणे विद्यापीठात शिक्षण घेऊन ते ब्रिटिश कोलंबियातील सायमन फ्रेझर विद्यापीठात प्राध्यापक झाले. ‘स्व’ आणि अस्मिता यांविषयी आधुनिक मानसशास्त्र आणि भारतीय विचार काय म्हणतात याचा तौलनिक ग्रंथ त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्ञाता, भोक्ता आणि कर्ता ही आपल्या दर्शनांतील त्रयी त्यांनी पाश्चात्त्य मानसशास्त्राच्या समोर ठेवली. माणूस बदलत राहतो तरी तोच कसा राहतो, हा त्यांचा प्रश्न भाषेपुरता नाही. परंतु दोन राज्यांच्या मध्ये वाढलेल्या माणसाला तो पुस्तकी वाटणार नाही.

कॅनडातील या परंपरेचा पुढचा दुवा टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील एलन बियालिस्टॉक यांचा. त्यांनी मुलांकडून वृद्धांकडे मोर्चा वळविला. फर्गस क्रेक आणि मॉरिस फ्रीडमन यांच्यासह २००७ मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या १८४ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यभर दोन भाषा वापरणाऱ्यांत आजाराची लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा दिसली होती. दोन भाषांतून सतत एक निवडण्याच्या सवयीने मेंदूला व्यायाम घडतो, असे त्यांचे स्पष्टीकरण. ते सर्वांना मान्य नाही. तरुणांवरील अनेक चाचण्यांत असा लाभ आढळलेला नाही, आणि टोरांटोचे द्विभाषिक रुग्ण बहुतांशी स्थलांतरित असल्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा हेही स्पष्ट होत नव्हते.

या दुसऱ्या शंकेची परीक्षा बीदरपासून फार दूर नसलेल्या हैदराबादेत झाली. एकेकाळी मेहकरही ज्या राज्यात होते त्याचीच ही राजधानी. तेथे तेलुगू, दखनी, हिंदी बोलणारे लोक स्थलांतरित नसून पिढ्यान्‌पिढ्या तेथलेच आहेत आणि दोन भाषा त्यांना शाळेने नव्हे तर गल्लीने दिलेल्या असतात. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि एडिनबर्गचे थॉमस बाक यांच्या गटाने ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. द्विभाषिकांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला. शिक्षणाचा परिणाम वेगळा करण्यासाठी निरक्षर रुग्णांचाही स्वतंत्र विचार करण्यात आला. कधीही शाळेत न गेलेल्या, पण दोन भाषा बोलत म्हाताऱ्या झालेल्या माणसांतही तोच फरक दिसून आला.