चुलीपर्यंत आलेला शिक्का

दुकानदाराच्या वजनावर सरकारी शिक्का असावा ही कल्पना इंग्रजांनी आपल्याकडे आणली, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘पौतवाध्यक्ष’ नावाचा एक अधिकारी येतो. पौतव म्हणजे वजने-मापे. व्यापाऱ्याने दर चार महिन्यांनी आपली वजने या अधिकाऱ्याच्या खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावीत आणि बिनशिक्क्याचे वजन सापडल्यास सव्वासत्तावीस पण दंड भरावा, असे त्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. गिऱ्हाइकाची चिमूटभर धान्याचीही फसवणूक होऊ नये, याची चिंता आपल्याकडे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाहिली होती.

पण ज्या स्टोव्हपुढे, ज्या कुकरपुढे आपली आई, बहीण, सून रोज उभी राहते, ती वस्तूही कुणीतरी तपासली पाहिजे, आणि तपासल्याची खूण नसेल तर ती विकताच येता कामा नये, हे आपल्याला फार उशिरा सुचले. हा उशीर का झाला, आणि तो शिक्का आमच्या नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या चुलीपर्यंत कसा आला, त्याची हकीकत आज सांगतो.

पूर्वी अशा शिक्क्याची गरज भासली नाही, त्यालाही कारण होते. झाडीपट्टीतल्या घरात स्वयंपाकाचे सामान ते केवढे? मातीची चूल, कुंभाराची मडकी, लोहाराने ठोकलेला तवा आणि ऐपतीप्रमाणे भंडाऱ्याकडची पितळेची चार भांडी. मडके गळके निघाले तर कुंभाराचे घर ठाऊक होते. कल्हई नीट बसली नाही तर कल्हईवाला पुन्हा गावात येणारच होता. कळकलेले ताक त्याच्यापुढे ठेवून चार शब्द सुनावता येत होते. करणारा आणि वापरणारा एकमेकांना तोंडाने ओळखत होते. ती ओळख हाच त्या वस्तूवरचा शिक्का होता.

पुढे रेल्वे आली. नागपूरहून नागभीडला येणारी छोट्या रुळांची गाडी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. रूळ रुंद करण्यासाठी ती २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. अशा गाड्यांनी आणि पुढे मोटारींनी बाजारात ज्या वस्तू आल्या, त्या कुणी केल्या, कुठे केल्या, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हते. घासलेटवर चालणारा, पंप मारायचा स्टोव्ह घ्या. स्वीडनमधल्या फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने १८९२ च्या सुमारास तो तयार केला आणि त्याच्या कंपनीचे ‘प्रायमस’ हे नाव आपल्या बायाबापड्यांच्या तोंडी बसले. त्या नावाच्या आधाराने पुढे किती जणांनी किती तऱ्हेचे स्टोव्ह केले, याला सुमार नाही. पितळेचा पत्रा किती जाड, टाकीचा सांधा पक्का की कच्चा, हे गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे? ओळख तुटली होती आणि तिच्या जागी दुसरे काही आलेले नव्हते.

आता कुकरकडे वळू. रेडिओवर आकडे कानांवरून निघून जातात; छापील पानावर ते पुन्हा वाचता येतात, म्हणून येथे थोडे गणित मांडतो. शिक्षकबंधूंनी ते फळ्यावर अवश्य करून दाखवावे. आपल्या घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त असतो. या दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि म्हणून डाळ लवकर शिजते. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे झाकणाला आतून वर ढकलणारा जोर झाला ३१४ किलोंचा. तीन क्विंटल धान उचलू शकेल एवढे बळ आपण रोज सकाळी स्वयंपाकघरात कोंडून ठेवतो! ते बळ ताब्यात राहते ते तीन गोष्टींवर: भांड्याच्या पत्र्याची जाडी, शिट्टीचे नेमके वजन, आणि शिट्टी तुंबलीच तर वितळून वाफेला वाट करून देणारी झाकणावरची छोटी सुरक्षा झडप. या झडपेतला धातू ठरावीक उष्णतेला वितळणारा नसेल, तर ती नुसती शोभेची टिकली होय.

डेनिस पापिन या फ्रेंच विद्वानाने १६७९ साली लंडनमध्ये असले बंद भांडे प्रथम करून दाखवले, तेव्हाच वाफेचा धोका ओळखून त्याने सुरक्षा झडपही बसवली होती. म्हणजे धोका आणि उपाय दोन्ही तीनशे वर्षांहून अधिक काळ माणसाला ठाऊक आहेत. मग कायद्याने काय केले?

कायदा कारखान्यात आधी गेला. १८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, बंगालात बॉयलर तपासण्याचा कायदा झाला. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली; तो काळ वाफेचाच होता. इतर प्रांतांनीही हळूहळू आपापले नियम केले आणि १९२३ मध्ये सगळ्या देशाला मिळून एक बॉयलर कायदा आला. २०२५ मध्ये नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. पण १९२३ च्या त्या कायद्यात बॉयलर कशाला म्हणावे? पाच गॅलनांहून, म्हणजे सुमारे पावणेतेवीस लिटरांहून, मोठ्या बंद भांड्याला! त्याहून लहान भांडे कायद्याच्या हिशेबी बॉयलरच नव्हते. गिरणीतल्या वाफेवर निरीक्षक आला. पुढे घरात आलेल्या पाच लिटरांच्या कुकरातली वाफ मात्र त्याच्या नजरेबाहेर राहिली. गिरणीतला अपघात शंभर माणसे पाहतात, स्वयंपाकघरातला अपघात एकटी बाई पाहते, हेही त्यामागचे एक कारण असावे असे मला वाटते.

स्वयंपाकघराकडे पाहणारी संस्था उभी राहिली ती स्वातंत्र्याच्या वर्षी. ६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था, इंग्रजी आद्याक्षरांनी आयएसआय, स्थापन झाली. तिने ठरवलेले पहिले मानक कोणते होते, हे मुलांना जरूर विचारा. ते होते आपल्या राष्ट्रध्वजाचे, १९५१ सालचे. पुढे १९५२ च्या कायद्याने संस्थेला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला आणि १९५५ पासून ती योजना चालू झाली. कारखाना पाहायचा, माल प्रयोगशाळेत तपासायचा, मग परवाना द्यायचा, आणि परवान्यानंतरही बाजारातून नमुने उचलून तपासत राहायचे, अशी ही पद्धत. १ एप्रिल १९८७ पासून ही संस्था भारतीय मानक ब्युरो झाली. चिन्हाचे जुने नाव मात्र टिकून राहिले.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. ही खूण बहुतेक वस्तूंना ऐच्छिक होती. कारखानदाराला हवी तर त्याने घ्यावी. याचा परिणाम काय व्हावा? जो खूण घेई त्याचा माल चार पैसे महाग पडे. जो न घेई त्याचा स्वस्त. ज्याच्या खिशात पैसा त्याने खुणेचा कुकर घ्यावा आणि रोवणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईने बिनखुणेचा. म्हणजे सुरक्षितता ही सुद्धा ऐपतीप्रमाणे विकत घ्यायची चीज झाली. जिच्या घरात दवाखान्याला पैसा नाही, तिच्याच वाट्याला पातळ पत्रा आला. ऐच्छिक खुणेतली ही मोठी खोट होय.

आणखी एक गोष्ट सांगणे अवघड आहे, तरी सांगितली पाहिजे. १९७० आणि १९८० च्या दशकांतली जुनी वर्तमानपत्रे चाळली तर ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा अंत’ अशा ओळी फार वेळा आढळतात. त्यांतले कित्येक अपघात खरेच होते. कित्येक मात्र अपघात नव्हते; हुंड्यापायी जाळलेल्या सुनांची ती प्रेते होती आणि स्टोव्हचे नाव पुढे केले जात होते. म्हणूनच १९८३ मध्ये सासरच्या छळाविरुद्ध आणि १९८६ मध्ये हुंडाबळीविरुद्ध दंडसंहितेत स्वतंत्र कलमे आली. विचार करा, खराब स्टोव्हने दोन प्रकारे घात केला. एक तर तो खरोखर फुटत होता. आणि तो फुटतो हे सर्वांना ठाऊक असल्याने खोटे बोलणाऱ्याला सबब आयती मिळत होती. ज्या घरात तपासलेली वस्तू असते, तिथे ‘फुटला असेल’ म्हणून प्रश्न मिटवता येत नाही.

सक्ती आली ती तुकड्यातुकड्याने. घरगुती विजेच्या उपकरणांसाठी १९८१ चा गुणवत्ता नियंत्रण आदेश होता. पुढे २००३ च्या आदेशाने वायर, स्विच, इस्त्री, विजेची शेगडी, पाणी तापवायचा रॉड अशा वस्तूंना मानकचिन्हाची अट घातली. आपल्या जिल्ह्यात चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र १९८० नंतरच्या दशकात सुरू झाले आणि खेड्यापाड्यांत वीज पोचत गेली, तशी उघड्या तारेची शेगडी आणि बादलीत सोडायचा रॉडही पोचला. रॉडच्या नळीला बारीक तडा गेला तर वीज पाण्यात उतरते, आणि घराला अर्थिंग नसेल तर तिला बाईच्या हातातूनच जमिनीत जायचे असते.

कुकरसाठी आज लागू असलेला आदेश २१ जानेवारी २०२० चा; त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०२१ पासून झाली. कुकरच्या मानकाचा क्रमांक आहे २३४७. त्याप्रमाणे चिन्ह नसलेला कुकर करणे, आयात करणे किंवा विकणे बेकायदा ठरले. मग सगळे थांबले का? नाही. ६ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला बिनखुणेचे हेल्मेट, कुकर आणि गॅस सिलिंडर यांविषयी सर्व जनतेला सावधगिरीची सूचना द्यावी लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका बड्या कंपनीला, तिच्यामार्फत विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरांच्या ग्राहकांना कळवून ते परत घेण्याचा, पैसे परत देण्याचा आणि एक लाख रुपये दंड भरण्याचा हुकूम केला.

या सक्तीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. लहान कारखानदाराने प्रयोगशाळेचा खर्च कुठून करावा? अलीकडच्या पुष्कळ आदेशांत लहान आणि सूक्ष्म उद्योगांना काही महिन्यांची जास्त मुदत दिलेली असते ती यासाठीच. ही सवलत योग्य आहे. चाचणीची फीसुद्धा त्यांना झेपेल अशी असावी. पण मुदत वेगळी आणि माफी वेगळी. लहान कारखान्यातल्या कुकरची वाफ काही लहान नसते.

मोठ्या कंपनीला हुकूम करता येतो, कारण तिचा पत्ता असतो. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक आणि दिवसा बाजार. तिथे ताडपत्री अंथरून कुकर मांडणारा दुसऱ्या दिवशी कुठल्या गावी असेल, हे कुणी सांगावे? त्या ताडपत्रीपाशी निरीक्षक पोचेलच असे नाही. तिथे पोचणारा निरीक्षक एकच, तो म्हणजे गिऱ्हाईक. आणि त्याला खूण वाचता आली पाहिजे.

ती वाचणे सोपे आहे. आयएसआय या तीन इंग्रजी अक्षरांच्या चौकटीच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ अशी अक्षरे व त्यापुढे परवान्याचा क्रमांक. नुसती चौकट असून परवान्याचा क्रमांक नसेल तर ती खूण खोटी समजावी. हा क्रमांक खरा की खोटा, हे ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पाहता येते. वस्तूबरोबर पावती मागावी. पावती देण्यास जो कां-कूं करतो त्याच्याकडून कुकर घेऊ नये. आणि शिट्टी, रबर किंवा झडप बदलताना त्याच कंपनीची घ्यावी, नाही तर चांगल्या कुकरलाही आपणच बिनखुणेचा करून टाकतो.

शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलांना एक दिवस घरचा अभ्यास द्या: घरातल्या बंद असलेल्या, थंड असलेल्या प्रत्येक उपकरणावरची खूण शोधून वहीत उतरवून आणा. कुणाच्या घरी खूण सापडणार नाही; त्याला वर्गात लाजवू नका. त्याच्या आईने स्वस्त वस्तू घेतली ती गरजेपोटी घेतली. पुढच्या मंडईत मात्र ते पोर आईच्या हाताला धरून उभे राहील आणि कुकर उलटा करून विकणाऱ्याला विचारील, “काका, याचा नंबर कुठं हाये?” पौतवाध्यक्ष आपल्या गावी कधी आला नाही. त्याचे काम आता या पोराने केले तरी पुष्कळ झाले.