उंदीर, गिनीपिग आणि आपला सीएमव्ही

आज एका विषाणूच्या तीन भावंडांची गोष्ट. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही. हर्पिस कुळातला. जगात कितीतरी लोकांच्या अंगात तो आयुष्यभर निमूट पडून असतो. पण गरोदरपणी आईकडून बाळापर्यंत पोचला, तर बाळाला बहिरेपण येऊ शकतं.

अडचण अशी, की माणसाचा सीएमव्ही उंदरात वाढत नाही. मग औषध तपासायचं कशावर? उंदराचा स्वतःचा सीएमव्ही आहे ना! अमेरिकेत मार्गारेट स्मिथ यांनी तो १९५४ साली प्रयोगशाळेत वाढवला, आणि १९५६ साली माणसाचाही.

पण नाव सारखं म्हणून विषाणू सारखे का? ते कळायला जीनोम वाचावे लागले. माणसाच्या सीएमव्हीचा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे २ लाख २९ हजार अक्षरांचा. उंदराचा १९९६ मध्ये, २ लाख ३० हजारांचा. मी पडलो कोड लिहिणारा. दोन फाइल्स शेजारी ठेवून फरक बघायचा, तसंच हे. उंदराच्या विषाणूत अंदाजे १७० जनुकं दिसली. त्यातली ७८ माणसाच्या विषाणूशी जुळली, बहुतेक मधल्या भागातली. डीएनएची नक्कल काढणं, कवच बांधणं ही कामं तिथे चालतात. टोकांकडे मात्र दोघांचा संसार वेगळा. प्रतिकारशक्तीला चकवायचं काम दोघंही करतात, पण वेगवेगळ्या जनुकांनी.

म्हणजे बघा, डीएनएची नक्कल रोखणारं औषध उंदरावर चाललं, तर त्या निकालाला वजन आहे. पण माणसाच्या विषाणूचा एखादा खास डावपेच तपासायचा असेल, तर उंदीर अपुरा.

आणि बाळाचं काय? उंदराचा सीएमव्ही सहसा वार ओलांडून पिल्लापर्यंत जात नाही. गिनीपिगचा जातो! म्हणून २००८ मध्ये त्याचाही पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा या प्रश्नासाठी तो मोलाचा ठरला. विषाणूच्या पृष्ठभागावरचं 'जीबी' प्रथिन तिन्ही भावंडांत आहे. त्यावरच्या लशींनी गिनीपिगच्या पिल्लांना काही प्रमाणात संरक्षण दिलं. माणसाच्या जीबीवरची लस स्त्रियांना दिली, तेव्हा संसर्ग सुमारे निम्म्याने घटला. तो निकाल २००९ चा.

निम्मं पुरेसं नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या लशीआधी तोच प्रश्न: जे तपासायचंय, ते कोणत्या प्राण्याच्या विषाणूत आहे?

भेटूया पुढच्या भागात.