नाव नसलेले सूर

परवा आत्याकडे टीव्हीवर ‘आराधना’ (१९६९) लागला होता. शेकोटीजवळचं, एकाच शॉटमध्ये चित्रित केलेलं ते गाणं आलं आणि आत्या म्हणाली, "सचिनदांचं काम बघ!"

खरंय. पण त्यातलं ते धुंद अ‍ॅकॉर्डियन वाजवलंय केर्सी लॉर्ड यांनी. वादकांची नावं तेव्हा पडद्यावर सहसा येतच नसत.

केर्सी (१९३५-२०१६) मुंबईचे पारशी. वडील कावस आणि भाऊ बुजी, दोघंही सिनेसंगीतातले नावाजलेले तालवादक. केर्सी स्वतः ग्लॉकनश्पीलपासून पियानोपर्यंत काय काय वाजवायचे, शिवाय अरेंजरही होते. म्हणजे चाल संगीतकाराची. पण तिच्याभोवती कोणतं वाद्य कुठे, किती वाजेल ते बसवणारा माणूस.

१९७० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या स्टुडिओत मूग सिंथेसायझर आणला. पुढे अशाच यंत्रांनी मोठमोठ्या वाद्यवृंदांचं काम हिरावलं. याचा दोष केर्सींना द्यायचा का? मला नाही वाटत. यंत्र आलंच असतं. पण वादकांची नावंच आपल्याला ठाऊक नव्हती, म्हणून ते स्टुडिओतून गेले तेव्हा नेमकं कोण गेलं, हेही कळलं नाही. लॉर्ड कुटुंबावर निदान ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट तरी निघाला. बाकीच्यांचं काय?

असो. हे सगळं ऐकून आत्या म्हणाली, "लाव रे पुन्हा ते गाणं."

या वेळी ती फक्त अ‍ॅकॉर्डियन ऐकत होती.